शुक्रवारचं अशासकीय कामकाज

पहाटे पाच. भावोजींची स्कूटर त्याआधीच गेलेली असते. सोनचाफा वेळेत दादरला पोहोचला तरच भाव मिळतो, त्यामुळे आमच्या वसईतल्या सांडोरच्या वाड्यांमध्ये दिवस घड्याळाला विचारून सुरू होत नाही. मी मात्र सरकारी नोकर, माझा दिवस पाचला. डब्यात वालाची भाजी आणि भाकरी. उपवासकाळातला शुक्रवार आहे. चर्चने या दिवशी मासळीला मनाई केलेली नाही, पण आमच्या घरात या बाबतीत सासूबाईंचा निर्णय पोपच्याही वरचा असतो.

मी विधिमंडळात मराठी प्रतिवेदक आहे. सभागृहात जो जे बोलेल ते तसंच्या तसं टिपून घ्यायचं, हे माझं काम. टीव्हीवर अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी मान खाली घालून बसलेली माणसं दिसतात, त्यांतली मी एक. गावात अजूनही काहींना वाटतं की मी मंत्र्यांची भाषणं लिहून देते. तसं असतं तर बरीच छोटी झाली असती.

आज पिशवीत डब्याबरोबर एक जाड झेरॉक्स आहे. आमच्या आळीतल्या वाचन मंडळात रात्री मला नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांवर बोलायचं आहे. निवृत्त मुख्याध्यापक सरांनी हे काम एका वाक्यात माझ्या गळ्यात घातलं: "तू तिथेच असतेस ना, मग तूच सांग." जणू गोखले मागच्या आठवड्यापर्यंत आमच्याच सभागृहात होते! पण नाही म्हणवलं नाही. मार्च महिना, अर्थसंकल्पी अधिवेशन, त्यात शुक्रवार. गोखल्यांबद्दल बोलायला याहून योग्य दिवस मलाही सुचला नसता.

सात वीस. वसईहूनच सुटणारी गाडी मिळाली की बसायला मिळतं. लेडीज डब्यात पालेभाजी निवडणाऱ्या बायका, जपमाळेवर डोळे मिटलेल्या एकदोघी, बाकी सगळ्या मोबाइलमध्ये. नायगाव सुटलं की खाडीचा पूल येतो, मध्ये पाणजू बेट, आणि पुढे भाईंदरच्या अंगाला मिठागरं. मार्चमध्ये कोंड्यांमधलं पाणी आटलेलं असतं आणि पांढऱ्या राशी बांधावर ओढून ठेवलेल्या दिसतात. पूर्वी हे दृश्य दोन्ही बाजूंना लांबवर दिसायचं. आता राशींच्या मागे इमारतींची रांग उभी आहे.

झेरॉक्सचं पहिलंच भाषण २६ मार्च १९०२चं. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर केलेलं पहिलं भाषण, आणि त्यात मिठाचा कर आहे. तेव्हा मणामागे अडीच रुपये मीठकर होता. सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि सरकार त्याला भरभराटीचं लक्षण म्हणत होतं. फर्ग्युसनचे हे पस्तिशीतले प्रोफेसर उभे राहिले आणि त्यांनी आकडे मांडून विचारलं की नुकते दोन मोठे दुष्काळ होऊन गेलेत, प्लेग चालू आहे, मग ही शिल्लक आली कुठून? लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं म्हणूनच ती उरली. अध्यक्षस्थानी खुद्द लॉर्ड कर्झन. अर्थसंकल्पावर तिथे मतदान नव्हतं, कपातसूचना नव्हती. सभासदाने बोलायचं आणि खाली बसायचं, एवढाच अधिकार.

तरी १९०३ साली मीठकर दोन रुपयांवर आला, १९०५ला दीड रुपयावर, १९०७ला एका रुपयावर. आयकराची मर्यादाही १९०३मध्येच पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सरकारकडे पैसा होता, आणि सरकार कधीच एका कारणाने हलत नाही. पण दरवर्षी मार्चमध्ये हा माणूस पुन्हा तेच आकडे अधिक नेमके करून आणणार, हे सरकारला ठाऊक झालं होतं. या तयारीमागे सोलापूरचे एक हेडमास्तर होते, गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी अहवालांमधले आकडे उकरून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि गोखले त्यांना विचारल्याशिवाय अर्थसंकल्पावर बोलत नसत. चांगल्या भाषणामागे सभागृहाबाहेर असा एक हेडमास्तर लागतोच. कुणाकडे तो आहे आणि कुणाकडे नाही, हे आम्हा टिपणाऱ्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

नऊ. चर्चगेटहून चालत विधानभवन. सकाळचं काम रुक्ष: कालच्या असुधारित प्रती वाचायच्या. प्रत्येकाच्या पाळीचा उतारा वेगळा, आणि तळाशी पुढे कोण बसलं त्याचं नाव, 'यानंतर श्री. अमुक' असं. एका पाळीचं शेवटचं वाक्य दुसऱ्या पाळीच्या पहिल्या वाक्याला जुळतंय ना, हे पाहायचं. सदस्य स्वतःच्या भाषणातली भाषा दुरुस्त करू शकतात, आशय नाही. 'मी असं म्हणालोच नव्हतो' हा निरोप अधूनमधून येतो. मग ध्वनिमुद्रण ऐकवायचं. बहुतेक वेळा ते म्हणालेले असतातच.

अकरा. प्रश्नोत्तरे. माझी पाळी दुसरी. वाकून आत जायचं, आधीचा सहकारी पेन्सिल उचलतो त्याच क्षणी आपली टेकवायची. आता संगणक आहे, ध्वनिमुद्रण आहे, पण माझा हात अजून लघुलेखनाच्या वहीवर चालतो. माइक बंद असताना मागच्या बाकावरून कुणी टोमणा मारला तर तो यंत्रात येत नाही. तो टिपायला माणूसच लागतो. आज एका जिल्हा परिषद शाळेच्या छपराचा प्रश्न होता. मूळ प्रश्न दोन ओळींचा, मंत्र्यांचं छापील उत्तर एका ओळीचं: 'अंशतः खरे आहे.' त्यानंतर उपप्रश्न सुरू झाले. पहिल्या सदस्याने निधी कधी मंजूर झाला ते विचारलं, दुसऱ्याने कंत्राटदार कोण ते, आणि तिसरी एक सदस्या उठून शांतपणे म्हणाली की पावसाळा तीन महिन्यांवर आलाय, मुलं कुठे बसणार आहेत एवढंच सांगा. मंत्री थांबले, मागच्या दालनातल्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी आली. ती चिठ्ठी येईपर्यंतचे काही सेकंद माझी पेन्सिल हवेत होती. अधिवेशनात मला सर्वांत आवडणारे सेकंद हेच. सरकारला उत्तर शोधायला लागलेलं असतं.

गोखल्यांना कलकत्त्यात हे सुख पहिली सात-आठ वर्षं मिळालं नाही. १८९२च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उपप्रश्न नाही. छापील प्रश्न, छापील उत्तर, संपलं. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा अधिकार आला तो १९०९च्या सुधारणांनंतर.

साडेबारा. लक्षवेधी चालू असताना विरोधी बाजू उठली, घोषणा झाल्या, काही सदस्य आमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. अशा वेळी डोकं आणखी खाली घालायचं आणि लिहीत राहायचं. मग ते बाहेर गेले. मी कंसात लिहिलं: सभात्याग. हा शब्द माझ्या हाताला इतका सवयीचा आहे की त्याची रेघ आता आपोआप उमटते.

या देशातल्या कायदेमंडळातला पहिला गाजलेला सभात्याग १९०१ सालचा, आणि तो आपल्याच इलाख्याच्या कौन्सिलातला. गोखले १८९९ साली मुंबई कौन्सिलवर निवडून आले होते. त्याआधीची दोन वर्षं त्यांनी मान खाली घालून काढली होती. १८९७मध्ये विलायतेत असताना त्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल वर्तमानपत्रांना माहिती दिली. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची किती टर उडवली गेली असेल याची कल्पना पुणेकरांना ओळखणारा कोणीही करू शकतो. अशा माणसाने पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं म्हणजे कातडी जाड लागते, किंवा मग एखादं काम करायचंच आहे याची खात्री लागते. गोखल्यांची कातडी मुळीच जाड नव्हती.

१९०१मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा. सावकाराच्या हातून कुळाला वाचवतो आहोत, असं सरकारचं म्हणणं. विरोधकांचं म्हणणं, की जमिनीवर पत नसेल तर अडीनडीला शेतकरी जाईल कुणाकडे? घाई करू नका, लोकांना विचारा, एवढंच ते मागत होते. सरकारने ऐकलं नाही, तेव्हा फिरोजशहा मेहता उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे गोखले आणि आणखी काही सभासद. घोषणा नाही, कागद फाडणं नाही. त्या काळच्या सरकारला एवढंही उद्धटपणाचं वाटलं.

त्याच वर्षी मेहतांनी प्रकृतीमुळे कलकत्त्याची जागा सोडली. गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून ती मागितली होती. मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी त्यांना निवडून दिलं. इलाख्याच्या सभागृहात दोन वर्षं, आणि पुढे देशाच्या सभागृहात मृत्यूपर्यंत: कारकीर्द सांगायची तर एवढ्यात संपते.

दीड. डबा. शेजारी आमचा हिंदी प्रतिवेदक मित्र. त्याला गोखल्यांचं कौतुक फारसं नाही. "हे सगळे लिबरल लोक सारखेच," तो म्हणाला, "बोलणार उत्तम आणि मतं मोजायला गेलं की मूठभरच." मी त्याला हिल्डेगार्ड हाम-ब्रुशरची गोष्ट सांगितली. ही जर्मन बाई मूळची रसायनशास्त्रज्ञ. युद्धानंतर उदारमतवादी पक्षातून १९५०मध्ये बव्हेरियाच्या राज्य विधिमंडळात गेली, आणि कॅथलिक मुलांची शाळा वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी या पद्धतीवर तिथे वर्षानुवर्षं टीका करत राहिली. १९७६ ते १९९० राष्ट्रीय संसदेत होती. १९८२मध्ये तिच्याच पक्षाने आघाडी बदलून चॅन्सेलर श्मिट यांना पाडायचं ठरवलं, तेव्हा मतदारांना न विचारता हे करू नका असं ती सभागृहात उभं राहून स्वपक्षाला म्हणाली. तीही हरली. पण धर्मावर वाटलेल्या शाळा बव्हेरियात १९६८च्या सार्वमताने गेल्या. मित्र म्हणाला, "तू कॅथलिक असून हे सांगतेस?" मी म्हटलं, माझ्या वर्गात वाडवळ होते, सामवेदी होते, आगरी होते आणि शेजारच्या बाकावर एक ब्राह्मण मुलगी होती. शाळा फादरांची होती आणि भाषा मराठी. मला ती जर्मन बाई पटायला अडचण नाही.

अडीच. अशासकीय कामकाज. शुक्रवारचे शेवटचे काही तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना असतात. बाकं विरळ होतात. लांबच्या मतदारसंघांतले सदस्य गाड्या पकडायला निघालेले असतात, आणि त्यांनाही शनिवारी सकाळी लग्नं, दहावे, उद्घाटनं असतातच. उरलेले पंधरा-वीस जण मात्र ऐकायला बसलेले असतात. आज एका सदस्याने शाळांसंबंधीचं विधेयक मांडलं. त्यांनी तयारी केली होती. शेजारच्या राज्यांचे कायदे वाचले होते, खर्चाचा अंदाज काढला होता. आवाज एकदाही चढला नाही. मंत्र्यांनी भावनेशी सहमती दाखवली, शासन सकारात्मक असल्याचं सांगितलं आणि विनंती केली. सदस्य म्हणाले, सभागृहाच्या अनुमतीने मी माझं विधेयक मागे घेतो. अनुमती मिळाली. माझ्या पाळीतच सुरुवात झाली आणि माझ्या पाळीतच शेवट.

गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक हे असंच अशासकीय विधेयक होतं, आणि तेही मार्चमधलं. मार्च १९१०मध्ये त्यांनी आधी ठराव आणला. सरकारने विचार करू म्हटलं, त्यांनी मागे घेतला. विचार झाला नाही. १६ मार्च १९११ला त्यांनी विधेयक मांडलं. त्यातली सावधगिरी पाहिली की आज थक्क व्हायला होतं. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचं, पण सगळीकडे नाही. ज्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला हवं असेल तिने करायचं, तेही सरकारची परवानगी घेऊन, तेही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तिथे. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, दोन तृतीयांश सरकारने, अशी त्यांची मांडणी. मुलींचं नंतर पाहू. हे शेवटचं मला टोचतं, आणि रात्री बोलताना मी ते लपवणार नाही.

वर्षभर विधेयक प्रांतोप्रांती मतासाठी फिरलं. मार्च १९१२मध्ये गोखल्यांनी मागितलं ते एवढंच, की ते प्रवर समितीकडे पाठवावं. दोन दिवस चर्चा झाली. मालवीय बाजूने बोलले, जिना बाजूने बोलले. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेलीपासून सुरुवात करून १९०६मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं शिक्षण आणलं, एका संस्थानिकाला जमतं ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा मुद्दा. सरकारतर्फे हारकोर्ट बटलर म्हणाले की वेळ आलेली नाही. मतं पडली: बाजूने १३, विरुद्ध ३८. सभागृहात सरकारी बहुमत कायद्यानेच पक्कं केलेलं होतं, तेव्हा निकाल गोखल्यांना आधीपासून माहीत होता. तसं ते बोललेही, आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणंच आलं आहे अशा अर्थाचं. विधेयक मागे मात्र घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी आश्वासनावर ठराव मागे घेऊन काय मिळतं ते त्यांनी पाहिलं होतं. या वेळी त्यांनी मतं मोजायला लावली, म्हणून ३८ नावं आजही छापील आहेत.

या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते. बाकी त्यांच्या नेमस्तपणावर टिळकपंथीयांनी जे ताशेरे मारले त्यांतले काही खरे होते.

साडेपाच. सभागृह संपलं. आपापले उतारे टाइप करून द्यायचे. सकाळच्या त्या छपराच्या प्रश्नाचा उतारा मी दोनदा तपासला. 'मुलं कुठे बसणार आहेत एवढंच सांगा', यातला 'एवढंच' राहता कामा नये.

पावणेसात. चर्चगेट. उभ्याने अंधेरीपर्यंत, मग चौथी सीट.

पावणेनऊ. सेंट थॉमस चर्चमधली क्रुसाची वाट मला मिळाली नाही, पण ती आटपून माणसं थेट वाचन मंडळाला आली होती. अंगणात खुर्च्या, मधोमध चहाचा थर्मास. मी मीठकरापासून सुरुवात केली, कारण इथल्या म्हाताऱ्यांना मिठागरं माहीत आहेत. विधेयकापाशी आले तेव्हा एका वयस्क बागायतदार काकांनी विचारलं, "म्हणजे पोरी, हरलाच ना तो शेवटी?"

हरलेच. १९ फेब्रुवारी १९१५ला गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि विधेयक तिथेच पडलं होतं. पण १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कौन्सिलात तसाच कायदा आणला, नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याचा अधिकार देणारा, आणि तो मंजूर झाला. देशाच्या सभागृहात जे हरलं ते सहा वर्षांत इलाख्याच्या सभागृहात जिंकलं, ज्या सभागृहातून गोखले वर गेले होते तिथेच. विठ्ठलभाईंना कलकत्त्याची सगळी चर्चा छापील तयार मिळाली होती. कोणते आक्षेप येतात, त्यांना कशी उत्तरं द्यायची, सगळं त्यात होतं. सहा ते चौदा वयाच्या सगळ्या मुलामुलींना हा हक्क मात्र १ एप्रिल २०१०पासून मिळाला.

काका म्हणाले, "लई उशीर." सरांनी विचारलं, मग आजच्यांपैकी गोखले कोण? मी सरकारी नोकर, नाव घेणार नाही. पण विधिमंडळाची कार्यवृत्तं सगळ्यांना वाचायला खुली आहेत, संकेतस्थळावर आहेत. पुढच्या वेळी तुमचे आमदार किंवा खासदार सत्यनारायणाला, सणाला, बारशाला घरी आले, तर त्यांना चहा द्या आणि सरळ विचारा: गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणता प्रश्न लावलात, त्याची तारीख सांगा. तारीख मिळाली की उतारा काढून वाचा. तो कुणीतरी मन लावून टिपलेला असतो.